परवाचे सेल

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. खिशात मिरवणारा नव्हे, घरात राहणारा. हैदराबादच्या कुकटपल्लीत, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, बैठकीच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर माझं बिऱ्हाड आहे. एक चपटं काळं बूड, त्याला भिंतीतून आलेली तार आणि विजेची दोरी. आणि त्या बुडात उभा खोचलेला मी, हातात धरायचा भाग. मला उचलून घरभर कुठंही नेता येतं, म्हणून लोक मला कॉर्डलेस म्हणतात. विठाबाई मात्र तसं म्हणत नाही. तिनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्या बुडात ताठ उभा होतो. पदर तोंडाला लावून ती हसली आणि म्हणाली, "हे तर जातं झालं की! अन् हा त्याचा खुटा."

त्या दिवसापासून माझं नाव खुटा.

तुमच्यातल्या कित्येकांनी जातं पाहिलं नसेल. दगडाच्या दोन पाळ्या, वरच्या पाळीत ठोकलेला लाकडाचा खुटा. पहाटे उठून बायका तो खुटा धरून दळायच्या आणि दळता दळता ओव्या म्हणायच्या. हातातलं पीठ बनायचं आणि मनातलं गाणं. लाकडाच्या खुट्याला कान नसतात, मला होते. आमच्यात फरक तेवढाच.

मी जन्मलो कुठं, हे मला सांगता येत नाही. आठवतो तो एक सरकता पट्टा, आणि माझ्या पाठीत दोन बारके सेल बसवून झाकण लावणारी कुणाची तरी चपळ बोटं. ते दोन सेल म्हणजे माझा प्राण. बुडात बसलो की ते भरतात, उचललं की खर्ची पडतात. भरणं आणि रितं होणं, एवढंच माझं जगणं, पाणवठ्यावरच्या घागरीसारखं.

मला घरी आणलं ते दौलतरावांनी, विठाबाईच्या मालकांनी. ते सिकंदराबादला रेल्वेत होते. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी घेतलेली एकमेव वस्तू म्हणजे मी. मला कानाला लावून ते सज्जात येरझारा घालायचे, आणि खालून कुणी गेलं तर मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "बिनतारी आहे, बिनतारी!" माझ्याआधी त्या घरात एक लाल फोन होता, वेटोळ्या शेपटीचा. शेपटीनं भिंतीला बांधलेला तो म्हातारा पाहून मला हसू यायचं. तो भंगारात गेला. मित्रांनो, त्याला सेल लागत नव्हते. ही गोष्ट तेव्हा कुणाच्याच ध्यानात आली नाही, माझ्याही नाही.

किती सुखाचे दिवस होते ते! त्यांचा मुलगा अनिरुद्ध नोकरीला लागला, ती बातमी माझ्यातून आली. त्याचं लग्न गीताशी जुळलं, ते बोलणं माझ्यातून झालं. सणावाराला मी इतका वाजायचो की गीता म्हणायची, "ह्याला एक दिवस सुट्टी द्या, घसा बसेल."

पण माझा खरा वेळ दुपारचा. दुपारी भामाचा फोन यायचा.

भामा ही विठाबाईची धाकटी बहीण. मुखेडजवळच्या खेड्यात, मुलाकडं राहायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, आकडाही नाही. पण माझा नंबर तिला तोंडपाठ होता, कारण तिनं त्याची ओवी केली होती.

दोन डोळे अक्काचे गं, चार खूर गाईचे,
पाच बोटं भरवती, दोन हात आईचे.

अशी पुढंही होती. सगळी सांगत नाही, नाहीतर तुमच्यातला एखादा खोडकर फोन लावायचा. आधी बूथवाल्याला, मग मुलाला, म्हणजे सुरेशला, ती ओवी म्हणून दाखवायची आणि ते आकडे दाबायचे. सुरेशनं तो नंबर आपल्या मोबाइलमध्ये साठवला, तरी ती म्हणून दाखवायचीच. म्हणायची, "तुझ्या यंत्राचा काय भरवसा? माझ्या अक्काचा नंबर माझ्या तोंडात बरा."

दोघी बहिणी लहानपणी एकाच जात्यावर समोरासमोर बसून दळायच्या. ओवीची पहिली ओळ थोरलीनं म्हणायची, दुसरी धाकटीनं जोडायची. थोरलीनं जोडायचं नाही, धाकटीनं सुरू करायचं नाही, असा त्यांच्या आईनं घालून दिलेला नेम. तोच नेम त्यांनी माझ्यावर चालवला. घरातली माणसं कामाला गेली की विठाबाई मला घेऊन सज्जात बसायची आणि म्हणायची,

लिंबाच्या सावलीत, जातं तुझं नि माझं,

आणि दूरवरून, पाण्याच्या तळातून यावा तसा भामाचा आवाज यायचा,

एका खुट्याला दोन हात, कुणाला गं व्हावं ओझं!

मग दोघी हसायच्या. "भामे, तुझा दम लागतोय गं." "दम तुला लागतोय अक्के, ऐकू मला येतंय." मी मधे उभा असायचो, दोन हातांतला खुटा. मला तेव्हा वाटायचं, तार नसली म्हणून काय झालं, मीच तर तार आहे.

दौलतराव गेले. कुणाकुणाला कळवायचं ते सगळं मी कळवलं, आणि मग मी गप्प झालो. घरात ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला. इंटरनेटच्या जोडणीसोबत जुना नंबर आपसूक चालू राहिला, म्हणून मी राहिलो. नाहीतर त्या लाल फोनाच्या वाटेनं गेलो असतो. विठाबाईलाही मोबाइल घेऊन दिला होता. पण भांडी घासून, शेण सारवून, कापूस वेचून तिची बोटं अशी सुकली होती की काचेला ती कळेचनात. "ह्या आरशाला माझं बोट वळखू येत न्हाई," म्हणून तिनं तो उशाच्या कपाटात ठेवून दिला. शिवाय गावाकडचे सगळे नंबर अनिरुद्धच्या मोबाइलमध्ये. तिला फोन करायचा तो भामानं, आणि यायचा तो माझ्यावर.

मित्रांनो, सेलही म्हातारे होतात. आधी मी दुपारभर बोलायचो. मग एका चहापुरता. मग चहा निवेपर्यंत. रात्रभर बुडात बसून भरायचो. पडद्यावर पूर्ण भरल्याची खूण दाखवायचो, आणि कानाला लागल्यावर काही वेळातच टुक, टुक असा आवंढा गिळायला लागायचो. ती खूण खोटी नव्हती. घागर काठोकाठ भरलेलीच होती. घागरच आतून गाळानं भरत आली होती.

बहिणींनी मग युक्ती काढली. "आधी ओवी, मग बातमी," विठाबाई म्हणाली. ओवी झाली की कुणाची सून, कुणाची म्हैस, कुणाचं दुखणं, जेवढं मावेल तेवढं.

एके दिवशी मधेच बंद पडलो, तेव्हा विठाबाईनं अनिरुद्धला गाठलं. "अन्या, खुट्याचे सेल बघ की रे."

अनिरुद्ध वाईट नाही. आईवर त्याचा जीव आहे. पण तो नेहमी बुटात पाय घालता घालताच ऐकतो. त्यानं टीव्हीच्या रिमोटसाठी आणलेले नवे सेल काढले, माझ्या पाठीत घातले आणि निघून गेला. आकार तोच, रंगही तसाच. पहिले दोन दिवस मी असा खणखणीत बोललो की विठाबाईला वाटलं, खुटा तरणा झाला. पण ते सेल एकदा वापरून टाकायचे होते, पुन्हा भरायचे नव्हते. आणि माझं बूड बिचारं त्यांना भरतच राहिलं. माझी पाठ तापली. सेल फुटून पांढरं मीठ बाहेर आलं आणि माझी स्प्रिंग खायला लागलं.

गीतानं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. "रिमोटचे सेल घातले तुम्ही ह्यात? आणि चार्जिंगला ठेवला?"

"सेल तर सेलच की," अनिरुद्ध म्हणाला.

"हौ. आणि रॉकेल तर तेलच की. घाला उद्या फोडणीत."

विठाबाई खो खो हसली. गीतानं कापसाचा बोळा लिंबाच्या रसात भिजवून ते मीठ पुसून काढलं, हलक्या हातानं, लेकराचा कान पुसावा तसं. मग जुने सेल पुन्हा बसवले. बसवण्याआधी खिडकीशी नेऊन त्यांच्यावरची बारीक अक्षरं वाचली. "आत्या, हे बघा," ती सासूला म्हणाली, "ह्याच्यावर दोन आकडे आहेत. एक ताकदीचा, एक दमाचा. ताकद आहे तेवढीच हवी, एक पॉइंट दोन. रिमोटच्या सेलची दीड असते. दम थोडा जास्त असला तर चालतो, उलट जास्त वेळ बोलाल. आणि रिचार्जेबल असं लिहिलेलं पाहिजे. दोन्ही एकदमच बदलायचे, एक नवा एक जुना नाही."

"माणसासारखंच हाय की," विठाबाई म्हणाली. "ताकद बेताची, दम मोठा. अन् जोडी बरोबरीची."

हे सगळं अनिरुद्धनं ऐकलं, आणि एका शनिवारी मला पिशवीत घालून कोठीला नेलं. कोठीच्या बाजारात मी पहिल्यांदाच गेलो. दुकानात माझ्यासारख्यांचे सांगाडे टांगलेले होते. ते बघून माझ्या अंगावर काटा आला. दुकानदारानं मला पालथं केलं.

"ये तो पुराना पीस है साब. इसको तारवाला पैक नक्को, खुल्ले दो सेल होना. वो खतम हो गए."

"फिर?"

"ये लेजाओ ना. देखो, कित्ता बड़ा नंबर है इसपे."

ते सेल खरंच मोठ्या आकड्याचे होते. पण दुकानदारानं ते माझ्या पाठीत घालून दाखवले तेव्हा मला कळलं, वजनच नाही. शेंग मोठी आणि आत दाणा नाही. अनिरुद्धनंही हातात तोलून पाहिले, ना नाव ना गाव. "नक्को," तो म्हणाला. "अच्छे वाले कब आते?"

"परसों आते साब."

मित्रांनो, इथं मला तुम्हाला एक शब्द समजावून सांगायला हवा. हैदराबादेत परसों म्हणजे परवा नव्हे. परसों म्हणजे आज नाही, उद्या नाही, कधीतरी. मागच्या वर्षी झालेलं लग्नही परसों झालेलं असतं, आणि न येणारा प्लंबरही परसोंच येणार असतो. कुणाला राग येत नाही, कुणी दिवस मोजत नाही. अनिरुद्ध ह्याच गावात वाढला. त्याच्या मराठीतही तो परसों परवाचा सदरा घालून येऊन बसला होता. "परवाच तर रंग दिला घराला," असं तो म्हणायचा तेव्हा त्या रंगाचे पोपडे उडालेले असायचे. विठाबाईला हे ठाऊक होतं. ती म्हणायची, "आमच्या अन्याचा परवा कॅलेंडरात न्हाई."

परतीच्या मेट्रोत उभ्या उभ्या त्यानं मोबाइलवर सेल शोधले. ह्याचा दम इतका, त्याचा तितका, ह्याला लोक चांगलं म्हणतात, त्याला वाईट. शेवटी बरोबर तेच सापडले. त्यानं ते टोपलीत टाकले, आणि स्टेशन आलं म्हणून मोबाइल खिशात टाकला. माझे सेल त्या न दिसणाऱ्या टोपलीत पडून राहिले.

त्याच सुमारास भामाचं पोट दुखायला लागलं. आधी तिनं ओव्यांच्या मागं लपवलं. मग लपेना. सुरेशनं तिला नांदेडच्या दवाखान्यात नेलं, आणि एका संध्याकाळी त्याचा फोन अनिरुद्धच्या मोबाइलवर आला. ऑपरेशन करावं लागणार होतं. विठाबाईच्या हातात मोबाइल दिला. खोलीत सगळे उभे, तिकडंही खाटेभोवती सगळे उभे. विठाबाईला त्या पातळ काचेत बोलायचं सुधरेना. "कशी हायस?" "बरी हाय." "घाबरू नको." "न्हाई." एवढंच. चारचौघांत ओवी कशी म्हणायची?

"अक्के, निवांत बोलू गं," भामा म्हणाली. "तुझ्या खुट्यावर. दुपारचं."

"त्याचा जीव गेलाय भामे."

अनिरुद्धनं मोबाइल घेतला. "मावशी, मी परवा सेल आणतो. मग दोघी दुपारभर बोला."

"परवा? नक्की का रे बाळा?"

"हौ मावशी. परवा."

मी फळीवरून ऐकत होतो. विठाबाईनं मुलाकडं पाहिलं. आजारी माणसाला दिलेला शब्द होता. तिला वाटलं असेल, निदान ह्या वेळी.

मधला एक दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी अनिरुद्ध बूट घालत होता, तेव्हा विठाबाई दारात येऊन उभी राहिली.

"अन्या, आज परवा हाय."

तो हसला. "आई, परवा म्हणजे आपला परवा गं. आणतो ना."

"तुझा-माझा परवा राहू दे. भामी मुखेडची हाय. तिचा परवा आजच हाय."

त्याचं बोट बुटात अडकून राहिलं. क्षणभर तो खरोखर शरमला, मी पाहिलं. "बरं, येताना आणतो. नक्की. रात्री बोला दोघी." गीताची ड्युटी सकाळची होती, ती आधीच गेली होती. दार लागलं. घरात विठाबाई आणि मी.

तिनं माझ्या बुडातली वीज देणारी पितळी टोकं पदरानं पुसली, मला घट्ट बसवलं, आणि सकाळभर मला हात लावला नाही. येता-जाता नुसती बघायची. चुलीवरच्या दुधाकडं बघावं तशी. मीही मिळेल तो थेंब पोटात साठवत होतो.

दुपारी मी वाजलो.

"अक्के!" भामाचा आवाज खोल गेला होता, पण त्यात लहान मुलीसारखी घाई होती. "बसले का गं सेल?"

विठाबाईनं माझ्यावरची बोटं आवळली. मला वाटलं ती म्हणेल, न्हाई गं, आधी ओवी म्हण. तसं म्हणाली असती तर एक ओवी पूर्ण झाली असती. दीडसुद्धा झाली असती. पण पलीकडं खाटेवर पडलेल्या बहिणीला ती कशी सांगणार, की परवा उजाडलाच नाही?

"बसले की," ती म्हणाली. "नवेकोरे. बोल निवांत."

आणि भामा निवांत बोलायला लागली. सुरेशची बायको कशी उशाशी बसून असते. शेजारच्या खाटेवरची बाई कशी घोरते, "आपल्या आत्यासारखी, आठवतंय का, मांजर पळायचं!" दवाखान्याच्या वरणाला कशी चव नाही. "बरी झाले की हैद्राबादला येते बघ. तुझ्या सज्जात बसते. ते काय बिर्याणीचं म्हणतेस ते खाऊ घाल."

"घालते की. ये तू."

मित्रांनो, मी बेजार झालो होतो. प्रत्येक शब्द माझ्यातून वजा होत होता. घोरणाऱ्या बाईत माझा निम्मा दम गेला. वरणात आणखी थोडा. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला बोलायला दुसऱ्याचे शब्द लागतात. माझी स्वतःची भाषा एकच. टुक. टुक.

"काय वाजतंय गं?"

"काई न्हाई. खाली गाडी हाय कुणाची तरी." विठाबाईनं मला कानाशी दाबून धरलं. "भामे, ओवी म्हणू का?"

"म्हण की. मला न्यायला येतील आता. तू म्हण, मी जोडते."

विठाबाईनं डोळे मिटले. ही ओवी तिनं आधी कधी म्हटली नव्हती. कदाचित सकाळभर माझ्याकडं बघता बघता तिच्यात आली असेल.

उन्हाच्या गं वाटेवर, कोण पुढं, कोण मागं,

भामानं श्वास घेतला. तो श्वास मी ऐकला. ओवी जोडण्याआधी ती नेहमी घ्यायची तसाच, थोडा थांबून, थोडा हसून. आणि मी विझलो.

पुढचं मला अंधारातून कळलं. विठाबाई "भामे, भामे" करत राहिली. मग बूड वाजायला लागलं. मित्रांनो, आमच्या बुडाला स्वतःची घंटा आहे. ते भिंतीच्या विजेवर जगतं, त्याला सेल लागत नाहीत. ते वाजू शकतं, पण त्याला कान नाही आणि तोंड नाही. पलीकडून सुरेश पुन्हा पुन्हा लावत होता. इकडं विठाबाई हातात मेलेला खुटा घेऊन त्या वाजणाऱ्या जात्यापुढं उभी. तिनं मला बुडात घातलं, लगेच उचललं, कानाला लावलं. मला डोळे उघडायलाही थोडा वेळ लागतो. तो तिला कुठून असणार! पुन्हा घातलं, पुन्हा उचललं. शेजारचं दार वाजवून आली, कुलूप होतं. परत आली तेव्हा घंटा थांबली होती.

ती खाली बसली. मला मांडीवर घेतलं, आणि माझ्यावरून हात फिरवत राहिली, जशी काही चूक माझी नव्हतीच.

संध्याकाळी अनिरुद्ध आला. येताना कोठीला जायचं त्याच्या लक्षात होतं, पण ऑफिसातून निघायला उशीर झाला. दार उघडून आत येतो तोच सुरेशचा फोन. ऑपरेशनच्या टेबलावरून भामा उठलीच नव्हती.

विठाबाई रडली नाही. तिनं मोबाइल मागून घेतला. "सुरेशा, दुपारी फोन तुटल्यावर ती काय म्हणाली रे?"

"मावशी, तिला कळलंच न्हाई तुटल्याचं," सुरेश म्हणाला. "मोबाइल कानाला धरून गाणं म्हणत व्हती. हसत व्हती. आम्हाला वाटलं, इंजेक्शनाची गुंगी चढली. मग मी बघितलं तर फोन कट. परत परत लावला."

"काय म्हणत व्हती?"

"ध्यानात न्हाई मावशी. एकच ओळ व्हती. काई तरी वाटेचं." मग हळूच म्हणाला, "डॉक्टर आदल्या दिवशीच न्यायचं म्हणत व्हते. उशीर नको म्हणत व्हते. तिनंच ऐकलं न्हाई. म्हणाली, परवा दुपारपस्तोर मला नेऊ नका. माझ्या अक्काचा फोन परवा नीट होणार हाय, माझ्या भाच्यानं सांगितलंय."

अनिरुद्ध भिंतीला टेकून खाली बसला. एक दिवस आधी नेलं असतं तर भामा वाचली असती का? डॉक्टरला ठाऊक नाही, मला नाही, कुणालाच नाही. पण तो प्रश्न त्या दिवसापासून ह्या घरात राहायला आला आहे, आणि त्याला मरण नाही. अनिरुद्ध आता परवा हा शब्द उच्चारत नाही. तोंडाशी आला तरी गिळतो.

मुखेडहून परत आल्यावर गीता स्वतः बाजारात गेली. सोबत जुने सेल नेले, डबीत घालून. ताकद तीच, दम थोडा मोठा, रिचार्जेबल असं स्पष्ट लिहिलेलं, दोन्ही एका जातीचे, हाताला वजन लागणारे. घरी येऊन तिनं ते बसवले आणि पहिल्यांदा उचलण्याआधी मला एक अख्खी रात्र भरू दिलं. सोपं काम होतं. एवढं सोपं, की ते पाहताना अनिरुद्ध खोलीतून उठून गेला.

आता मी पूर्ण बरा आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोललो तरी थकणार नाही. फक्त फोन येत नाही. माझ्या नंबरची ओवी ज्या तोंडात होती ते तोंड मिटलं.

तरी रोज दुपारी विठाबाई मला उचलते, सज्जात नेते, कानाला लावते. माझ्यातून नुसता तो एकसुरी हुंकार येतो, रिकामं जातं फिरल्यासारखा. त्या सुरावर ती म्हणते, उन्हाच्या गं वाटेवर, कोण पुढं, कोण मागं. आणि थांबते. गीता एकदा दारातून म्हणाली, "आत्या, तुम्हीच जोडा ना दुसरी ओळ."

"थोरलीनं जोडायचं न्हाई गं," विठाबाई म्हणाली. "नेम हाय."

मित्रांनो, मला तुमच्याकडून माझ्यासाठी काही नको. मला सेल मिळाले. पण तुमच्या घरात माझ्यासारखं काही असेल, कुणाच्या चष्म्याची दांडी, कुणाच्या कानातल्या यंत्राचा बारका सेल, कुणाच्या काठीचं झिजलेलं रबर, तर ते किरकोळ म्हणून फळीवर ठेवून देऊ नका. त्या किरकोळ वस्तूच्या पलीकडं कुणीतरी दिवस मोजत बसलेलं असतं, आणि त्याचा परवा तुमच्या परवाहून वेगळा असतो. परवा आणि पर्वा, लिहायला एका रफाराचंच अंतर. आमच्या घरात तेवढ्या अंतरात एक माणूस गेलं.

ती दुसरी ओळ मला सांगता आली असती तर मी रोज दुपारी विठाबाईच्या कानात सांगितली असती. पण भामा ती म्हणाली तेव्हा मी विझलेला होतो. तिचा घेतलेला श्वास तेवढा माझ्यापाशी आहे.